आवाज बारीक आणि एकसुरी आहे, तो भारदस्त कसा करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मीटिंगमध्ये तोंड उघडलं की समोरचे 'काय म्हणालात?' करतात, आणि म्हणून तुम्हाला आवाज भारदस्त करायचाय. मी दिवसा बँकेत असतो आणि गेली चौदा-पंधरा वर्षं संध्याकाळी गाण्याच्या कार्यक्रमांचं निवेदन करतो. माझाही आवाज बारीकच आहे, तरी लोक बोलावतात. तेव्हा 'भारदस्त' हा शब्द आधी डोक्यातून काढा. बोलण्याची पट्टी मुख्यतः स्वरतंतूंच्या लांबी-जाडीवर ठरते. पुरुषांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा कंप पावतात, बायकांचे 180 ते 220 वेळा. ओढूनताणून खर्ज लावलात तर घसा बसेल आणि तुम्ही पौराणिक मालिकेतल्या राक्षसासारखे वाटाल.

माझा अंदाज वेगळाच आहे. तुम्ही वाक्याचं शेपूट गिळत असणार. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर त्याच्याही मागे. आपण मात्र सगळा श्वास वाक्याच्या तोंडालाच उधळून बसतो.

मी हे एका गणपती मंडळाच्या मांडवात शिकलो. मला सांगायचं होतं, "महाप्रसादाच्या पंगती अजून सुरू झालेल्या नाहीत, कृपया बसून घ्या." 'झालेल्या'पर्यंत दम संपला, 'नाहीत' घशातच राहिलं आणि 'बसून घ्या' तेवढं खणखणीत गेलं. अर्धा मांडव उठून पंगतीला जाऊन बसला. भात अजून चुलीवर होता. आचारी हातात झारा घेऊन बाहेर आला आणि माईकवर कोण आहे ते बघू लागला.

आता तुमचं तपासा. फोनवर दोन मिनिटं स्वतःला रेकॉर्ड करा. वाचून नको, आज ऑफिसात काय झालं ते कुणाला तरी सांगतोय असं बोला. ऐकताना शिसारी येईल, ती सगळ्यांनाच येते. एरवी आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही पोचतो, म्हणून तो जाडसर वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला असतो. तिकडे दुर्लक्ष करून प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द नीट ऐकू येतोय का, एवढंच बघा.

श्वासासाठी मी जमिनीवर उताणा पडतो आणि पोटावर एक जाडजूड पुस्तक ठेवतो. श्वास घेताना पुस्तक वर जायला हवं, खांदे हलता कामा नयेत. मग दातांतून 'स्स्स' करत हवा सोडायची, एकाच जोराने, वीस सेकंद. पहिल्या आठवड्यात माझं गाडं बाराच्या पुढे गेलं नाही. दुसरा प्रकार बघायला हास्यास्पद आहे, पण मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. अर्धा ग्लास पाणी घ्यायचं, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटीमीटर बुडवायचं आणि 'ऊऽऽ' असा आवाज काढत बुडबुडे सोडायचे. पाण्यामुळे हवेचा दाब उलटा मागे येतो आणि स्वरतंतू एकमेकांवर न आदळता हलके जुळतात. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं पुरतात. स्ट्रॉ स्टीलची घ्या, कागदाची लगेच लिबलिबीत होते.

एकसुरीपणाचं म्हणाल, तर त्यात थोडा दोष आपल्या 'च'चाही आहे. 'मीच दिले', 'तुलाच दिले' असं म्हटलं की जोर देण्याचं काम 'च' परस्पर उरकतो आणि आवाज आळशी होतो. "मी तुला पैसे दिले होते" हे वाक्य घ्या आणि 'च' न लावता चार वेळा म्हणा. एकदा 'मी'वर जोर, एकदा 'तुला'वर, एकदा 'पैसे'वर, एकदा 'दिले'वर. चौथ्या वेळी भांडण ऐकू आलं पाहिजे. जोर म्हणजे ओरडणं नव्हे बरं का. शब्दाच्या आधी किंचित थांबलात किंवा तो जरा लांबवलात, तरी काम होतं. घरी ऐकायला कुणीतरी बसवा आणि न लावलेला 'च' कुठे होता ते त्यांना ओळखायला सांगा. माझी बायको सुरुवातीला दर वेळी 'पैसे' म्हणायची.

उच्चारांवर फार जीव काढू नका. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च तोंडात वेगळे पडतात, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं. आणि गावाकडचा हेल घालवायच्या भानगडीत पडू नका. मी सोलापूरकडचा. एका आयोजकाने मला 'जरा पुणेरी बोला' असं सुचवलं होतं. मी प्रयत्न केला आणि रेकॉर्डिंग ऐकलं, तर कुणीतरी शाळेतला धडा पाठ म्हणत होतं.

सारखं घसा खाकरण्याची सवय असेल तर ती सोडा, पाण्याचा घोट घ्या. आवाज बसलेला असेल तेव्हा कुजबुजून बोलू नका, त्याने घशाला आराम मिळत नाही, गप्पच बसा. आणि घोगरेपणा तीन आठवडे हटला नाही, तर माझ्या स्ट्रॉच्या नादाला न लागता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. ते दुर्बिणीतून स्वरतंतू बघतात.