जुना कंपायलर, नवा प्रोसेसर

प्रश्न : आमचा मल्टी-थ्रेडेड सी++ प्रोग्राम इंटेलवर झकास चालतो, ६४-बिट आर्म सर्व्हरवर मात्र कोअर वाढवले की मंदावतो. कोड तोच, कंपायलर (कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) जीसीसी ४.८. दोष हार्डवेअरचा का?

उत्तर : हार्डवेअरवर खापर फोडण्याआधी ऑब्जडम्प या टूलने बायनरी, म्हणजे कंपाइल झालेली फाइल, उघडून त्यातल्या मशीन इन्स्ट्रक्शन पाहा. अॅटॉमिक काउंटरच्या (अनेक थ्रेड मिळून सुरक्षितपणे वाढवतात त्या आकड्याच्या) जागी ‘एलडीएक्सआर’ (वाचणे)-‘एसटीएक्सआर’ (मधे कुणी हात लावला नसेल तरच लिहिणे) ही जोडी लूपमध्ये दिसली, तर मेख तिथेच आहे. बरेच कोअर एकाच काउंटरवर तुटून पडले की ‘एसटीएक्सआर’ फसते आणि लूप पुन्हा पुन्हा फिरतो. आर्म आर्किटेक्चरच्या ८.१ आवृत्तीपासून हेच काम ‘एलडीएडीडी’ ही एकच इन्स्ट्रक्शन करते. २०१३ च्या जीसीसी ४.८ ला ती ठाऊकच नाही. जीसीसी १०.१ पासून लिनक्सवर प्रोग्राम चालतानाच प्रोसेसर ओळखून योग्य मार्ग निवडला जातो, वेगळा फ्लॅग (कंपायलरला द्यायचा पर्याय) लागत नाही.

थेट जीसीसी १२ घ्या. त्यात ‘ओ२’ या नेहमीच्या ऑप्टिमायझेशन पातळीवरही व्हेक्टरायझेशन (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकड्यांवर काम) होते, म्हणजे इंटेलवरही थोडाफार फायदा. स्टॅटिक लायब्रऱ्याही (प्रोग्रामच्या फाइलमध्येच जोडला जाणारा आधीच कंपाइल केलेला कोड) नव्याने बिल्ड करा. हे हमखास राहून जाते. बिल्ड करणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा ‘मार्च=नेटिव्ह’ हा फ्लॅग मात्र टाळा, नाहीतर जुन्या प्रोसेसरवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येऊन प्रोग्राम कोसळेल. सर्व्हरवर ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ (सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीची आवृत्ती) सापडत नसल्याची तक्रार आली, तर ती लायब्ररी प्रोग्राममध्येच जोडणाऱ्या ‘स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ फ्लॅगने लिंक करा.