कोणता कागद कोणत्या टेबलावर? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची होती: गावात राहून समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या बरोबरीच्या हक्कासाठी नेमके करायचे काय? नावे छापलेली नाहीत. उत्तरे देताना मोर्चापेक्षा कागदावर भर दिला आहे.

आम्ही गावातले आठ-दहा पोरं-पोरी ग्रामसभेत एलजीबीटी समानतेचा ठराव आणणार आहोत. सरपंच म्हणतात, हा विषय ग्रामपंचायतीत येत नाही. खरं आहे का? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

येतो. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तेव्हाही 'हा काय ग्रामपंचायतीचा विषय आहे' असे म्हणता आलेच असते. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून राज्यातल्या सगळ्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. गावचा ठराव मंत्रालयापर्यंत कसा चढतो, याचे यापेक्षा ताजे उदाहरण सरपंचांना देता येणार नाही. ठरावाने कायदा होत नाही, कोणाला शिक्षाही होत नाही. पण पुढे प्रत्येक कार्यालयात दाखवायला शिक्क्याचा एक कागद हातात येतो.

आता कृती. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या असतात. आपल्याकडे 2 ऑक्टोबरला सोयाबीनची सवंगणी तोंडावर असते, माणूस घरी सापडत नाही. 15 ऑगस्टला गर्दी असते, पण सगळा वेळ घरकुलाच्या यादीवरच्या भांडणात जातो. आमच्या मते 26 जानेवारी बरी. सभेची नोटीस साधारण सात दिवस आधी निघते, म्हणून तुमचे विषयपत्र त्याच्या आठवडाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (म्हणजे कालपर्यंतचे ग्रामसेवक) द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही घ्या. हे केले नाही तर विषय 'आयत्या वेळचे विषय' या शेवटच्या रांगेत ढकलला जातो. तोपर्यंत लोक चपला घालून उठलेले असतात.

गणपूर्ती म्हणजे पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यातला कमी आकडा. ग्रामसभेआधी महिला सभा होते. विषय आधी तिथे मांडा. घरातल्या लेकराची कुचंबणा आईला अगोदर कळलेली असते. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा, आणि अनुमोदक पन्नाशीपुढचा, गावात वजन असलेला कास्तकार असला तर अर्धे काम तिथेच झाले.

ठरावात भाषण नको. असा चालेल: 'गावातील कोणत्याही व्यक्तीस तिच्या लैंगिक कलावरून किंवा लिंगओळखीवरून पाणवठा, देऊळ, शाळा, रेशन दुकान, रोजगार हमीचे काम किंवा राहते घर यांपासून डावलले जाणार नाही. ग्रामपंचायतीच्या अर्जांत स्त्री, पुरुष यांसोबत तृतीयपंथी हा रकाना ठेवण्यात येईल. ठरावाची प्रत गटविकास अधिकारी, तहसीलदार व जिल्हाधिकारी यांना आठ दिवसांत पाठवावी.' शेवटचे वाक्य विसरू नका. ते नसले की ठराव नोंदवहीतच झोपतो. सभा संपली की ठराव क्रमांकासह प्रमाणित नक्कल मागा.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ठरावात, चर्चेत, उदाहरणादाखलसुद्धा गावातल्या कोणाचेही नाव येता कामा नये. 'आपल्या त्या अमक्याच्या पोरासाठी' असे भलेपणाने कोणी बोलून गेला, तर त्या पोराला दुसऱ्या दिवशी गाव सोडावे लागू शकते. ही सूचना अनुमोदकालाही आधी देऊन ठेवा.

आम्ही दोघी नऊ वर्षांपासून एकत्र राहतो, मजुरी करतो. एकच रेशनकार्ड मागितलं तर 'तुमचं नातं काय' म्हणून परत पाठवलं. (वरुड तालुका, अमरावती)

सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, पण अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणी पाहण्यासाठी केंद्राने समिती नेमावी, असे नोंदवले. त्यातून 2024 मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने सर्व राज्यांना कळवले, की अशा नात्यातले जोडीदार रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावेत. सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला केंद्र सरकारने प्रसिद्धीपत्रक काढून हे जाहीर केले. त्या पत्रकाची प्रिंट अर्जाला जोडा. कारकुनाने हे पत्र पाहिलेलेच नसण्याची शक्यता मोठी आहे.

अर्ज अडकतो तो मात्र बहुधा दुसऱ्याच कारणाने. दोघींची नावे अजून माहेरच्या कार्डांवर असतात, आणि एक आधार क्रमांक दोन कार्डांवर चढत नाही. म्हणून आधी दोन्हीकडून नाव कमी केल्याचा दाखला, मग तहसीलच्या पुरवठा शाखेत नवा अर्ज. अन्न सुरक्षा कायदा 2013 प्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वयस्क स्त्री कुटुंबप्रमुख असते. तुमच्यापैकी मोठीचे नाव वर लिहा. नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहू नका. आज काम होईल, पण उद्या कोणी तक्रार केली तर खोटी माहिती दिल्याचे बालंट येते. 'इतर' लिहा आणि सोबत एकत्र राहत असल्याचे स्वयंघोषणापत्र द्या. 'होत नाही' असे तोंडी उत्तर मिळाले तर लेखी नकार मागा. केंद्राचे पत्र हा सल्ला आहे, कायदा नव्हे, हे खरे. पण तो डावलण्याचे कारण सहीनिशी लिहायची वेळ आली की पुष्कळांचा हात थांबतो. तरीही नकारच मिळाला तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा.

बँकेचे सोपे आहे. संयुक्त खाते उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी म्हणून नोंदवायला हरकत नाही, असे केंद्राच्या वित्त मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 रोजी स्पष्ट केले आहे. खाते 'दोघींपैकी कोणीही किंवा हयात असलेली' या प्रकारचे घ्या. घर-जागा कोणा एकीच्या नावावर असेल तर मृत्युपत्र आजच करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या समक्ष सही पुरते. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

तृतीयपंथी ओळखपत्राचा अर्ज करून सात महिने झाले. 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच कळतं. (मूल तालुका, चंद्रपूर)

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाच्या 2019 च्या केंद्रीय कायद्याखाली हे प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. त्या कायद्याच्या 2020 च्या नियमांत त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. नाकारले तर कारण कळवावे लागते आणि त्यावर नव्वद दिवसांत अपील करता येते. अर्ज भरताना सेतू केंद्रातली जुनी झेरॉक्स वापरू नका. नमुना आणि जोडपत्रे त्या दिवशी राष्ट्रीय पोर्टलवर असतील तीच घ्या.

सात महिने म्हणजे अर्जात काहीतरी खटकले आहे आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. दोन ठिकाणी हमखास अडते. पहिले, नाव. आधारवर एक स्पेलिंग, प्रतिज्ञापत्रावर दुसरे, टीसीवर वडिलांचे नाव नाही. दुसरे, राहण्याचा पत्ता. अर्जाच्या दिवशी त्या जिल्ह्यात सलग बारा महिने वास्तव्य लागते. नागपूरच्या डेऱ्यावर (तृतीयपंथी एकत्र राहतात त्या घरी) राहून अर्ज चंद्रपूरला केला तर तो अडणारच.

नेमके कुठे अडले ते माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर त्याची प्रत जोडा, स्टॅम्प नको. 'का उशीर झाला' असे विचारू नका. 'का' ही माहिती नव्हे, असे उत्तर येते. असे मागा: 'अर्ज क्रमांक अमुक यावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची तारीखवार नोंद, तो ज्या ज्या अधिकाऱ्याकडे होता त्यांचे पदनाम व प्रत्येकाकडील दिवस, आणि टिप्पणीच्या छायांकित प्रती.' तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. टेबलाटेबलावरचे दिवस मोजले जाणार हे कळले, की फाइल कित्येकदा उत्तराच्या आधीच हलते.

सोबत लोकशाही दिनाचाही (दर महिन्याला अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस) अर्ज टाका. तालुक्याला तिसरा सोमवार, जिल्ह्याला पहिला. आधी तालुका, मग जिल्हा. विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. इथे फक्त वैयक्तिक तक्रार घेतात. कार्यकर्ते 'जिल्ह्यातील सर्व तृतीयपंथीयांना' अशी मागणी घेऊन येतात आणि अर्ज दारातच बाद होतो. सगळ्यांची मागणी ग्रामसभेत, एकट्याची अडचण लोकशाही दिनात. यात गल्लत केली की दोन्ही जातात. जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांनाही प्रत द्या.

तृतीयपंथी व्यक्ती ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवर उभी राहू शकते का? (रिसोड तालुका, वाशिम)

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा असा अर्ज छाननीत बाद झाला होता. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला, आणि त्या निवडूनही आल्या. निकालाची प्रत छाननीच्या दिवशी खिशात असू द्या. मतदार यादीतली लिंगनोंद बदलायची तर नमुना 8 आधीच भरा. अर्ज भरण्याच्या आठवड्यात धावपळ करून ते होत नाही.

माझ्या मैत्रिणीला (वय 20) घरच्यांनी कोंडून ठेवलं आहे. 'हे भूत उतरवतो' म्हणणाऱ्या बाबाकडे नेलं, आता नागपूरला डॉक्टरकडे नेणार आहेत. (देवरी तालुका, गोंदिया)

ग्रामसभा, माहितीचा अधिकार वगैरे इथे कामाचे नाही. आधी 112.

ती सज्ञान आहे, कुठे आणि कोणासोबत राहायचे हे ठरवणे तिचा हक्क आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पोलिसांशी बोलताना 'समलिंगी' या शब्दापासून सुरुवात करू नका. 'सज्ञान मुलीला कोंडून मारहाण' असे सांगा आणि तक्रारीत तेच लिहा. ठाणे हद्दीचा वाद घालत असेल तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा. भीती ही, की पोलीस तिला घरच्यांसमोर बसवून 'समजूत' घालतात आणि परत पाठवतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये अशा प्रकरणांसाठी उच्च न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: व्यक्तीचे म्हणणे घरच्यांच्या दडपणाबाहेर ऐकावे, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिची ओळख बदलायचा प्रयत्न करू नये. देहोपस्थितीची (कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी) याचिका नागपूर खंडपीठात होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; तो आजच मागा.

डॉक्टरचे म्हणाल तर समलैंगिकता हा आजार नाही. ती 'बरी करण्याचा' उपचार हा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवला आहे, म्हणजे तक्रार राज्याच्या वैद्यक परिषदेकडे करता येते. औषधाच्या चिठ्ठीचा फोटो जमला तर ठेवा. तुमचाही जीव टांगणीला लागला असणार. 14416 हा टेली-मानस क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात.

हिवाळी अधिवेशनाला नागपुरात मोर्चा न्यावा का? (आर्वी तालुका, वर्धा)

न्या, पण यशवंत स्टेडियमवर त्या आठवड्यात मोर्चांची रांग लागलेली असते. तुमचा पाचवा की अकरावा हे कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याच गाडीभाड्यात आमदाराकडे चार चकरा होतात. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून दिवाळीचा फराळ संपायच्या आत त्यांच्या स्वीय सहायकाला गाठा. 'समाजाला न्याय कधी' असला प्रश्न नको. त्याला 'शासन सकारात्मक आहे' हे उत्तर तयारच असते. आकडा मागा: तृतीयपंथी कायद्याच्या 2020 च्या नियमांनुसार विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष स्थापन झाला आहे काय, कोणत्या तारखेस, आणि त्याकडे आजवर किती तक्रारी आल्या? याला हो किंवा नाही असेच लेखी उत्तर द्यावे लागते. सोबत तीन-चार गावांच्या ठरावांच्या प्रमाणित नकला असल्या, तर आमदारालाही बोलायला आधार मिळतो. नागपुरात सारथी ट्रस्टसारख्या संस्था या विषयावर काम करतात. प्रश्नाचा मसुदा पाठवण्याआधी त्यांना दाखवून घ्या, म्हणजे तोच प्रश्न दोन आमदार दोन तऱ्हेने विचारणार नाहीत.