आधी भूक लागू द्या, मग ताट वाढा

तुमचा प्रश्न वाचला आणि वीस वर्षांपूर्वीचं माझंच स्वयंपाकघर डोळ्यासमोर आलं. तुमची साडेतीन वर्षांची लेक भाजी-पोळीचा घास गालात धरून बसते, मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, दिवसाला चार कप दूध तेवढं पिते, आणि सासूबाई म्हणतात, "पोर किती वाळली गं." काय करून घालू म्हणजे भाज्या पोटात जातील, असं विचारलंत. तेही सांगते, पण आधी त्या चार कप दुधाबद्दल बोलू द्या. माझ्या मते दुखणं तिथेच आहे.

माझी धाकटी अगदी अशीच होती. सकाळी उठल्या उठल्या दूध, अकराला दूध-बिस्किट, दुपारची झोप झाली की दूध, रात्री जेवली नाही म्हणून पुन्हा दूध. "निदान दूध तरी पोटात गेलं" या समाधानावर मी दिवस काढत होते. एक दिवस ती कुंडीतली माती खाताना सापडली. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, तळहात पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "दूध किती पिते?" हिमोग्लोबिन निघालं ८.२. एवढं दूध पिणाऱ्या मुलीच्या अंगात रक्त कमी कसं, हे माझ्या डोक्यात शिरेना. त्यांनी समजावलं, की दुधात कॅल्शियम भरपूर असलं तरी लोह अगदी नावाला असतं. शिवाय ते कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. त्यात पोट दुधानेच भरलेलं, मग मूल जेवणार कधी?

हे माझ्याच घरात घडलं असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं रक्ताने कमी आढळली होती. कारणं अनेक असतात, पण खातंपितं घरही यातून सुटत नाही.

या वयाला दिवसाला दोन कप दूध, म्हणजे ४०० मिलीच्या आसपास, पुरतं. दही-ताकही त्यातच धरा. एकदम तोडू नका. पहिल्या आठवड्यात जेवणानंतरचं रात्रीचं दूध बंद करा, दुसऱ्या आठवड्यात अकराचं. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी घरात असतील तर डब्याच्या मागची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो आधी छापावा लागतो. साखर कितव्या नंबरावर आहे ते बघा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला लावली, ती उगाच नाही.

आता सासूबाई. त्यांची काळजी खरी आहे, त्यांना गप्प करायला जाऊ नका. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिपटीने वाढतं. दोन ते पाच या वयात ते वर्षाला साधारण दोन किलो वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही कमी होते. माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख असतो, तो त्यांच्यासमोर धरा. रेघ वर चढत असेल तर पोर वाळलेली नाही. आणि आजी-आजोबा बशीत चहा देत असतील तर तो मात्र प्रेमाने थांबवा, चहाही अन्नातलं लोह अडवतो.

दिवसाच्या वेळा ठरवा. नाश्ता, दुपारचं जेवण, चारचं खाणं, रात्रीचं जेवण. मधल्या अडीच-तीन तासांत फक्त पाणी. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक विभागणी सांगितली आहे: काय वाढायचं आणि कधी, हे आईवडिलांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. यातला दुसरा भाग मला फार जड गेला. दोन घास खाऊन उठली तर उठू द्यायचं, मागे वाटी घेऊन फिरायचं नाही, आणि अर्ध्या तासाने बिस्किटाचा पुडाही काढायचा नाही. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. आमच्याकडे पाचव्या दिवशी तिने आपणहून विचारलं, "जेवायला कधी?" मी ओट्याकडे तोंड करून रडले होते.

मोबाईल एका वेळेपासून बंद करा, रात्रीचं जेवण सगळ्यात सोपं, कारण घरचे सगळे असतात. पण मग बाबांचा फोनही ताटाशेजारी नको.

भाजीची गोडी आमच्याकडे काकडीपासून लागली. कोशिंबिरीसाठी काकडी घेतली की मी देठाचा तुकडा कापून त्यावरच घासायची, कडूपणाचा पांढरा फेस निघेपर्यंत. एकदा ती म्हणाली, "मी घासू?" दिली. फेस आल्यावर इतकी हरखली! मग मी एक चकती तिच्या हातात ठेवली, "कडू आहे का बघून सांग, म्हणजे आजोबांना वाढते." तिने टोक चाटलं, कुरतडलं, आणि गंभीरपणे म्हणाली, "नाही, वाढ." पुढे ते रोजचं काम तिचंच झालं; गाजर, मुळा, टोमॅटो सगळं तिच्या तपासणीतून जायला लागलं. नवी चव मुलांना पटायला दहा-पंधरा वेळाही लागतात, तेव्हा ताटात भाजी रोज चमचाभर वाढा आणि तिच्याबद्दल काही बोलू नका. "खाल्लीस तर चॉकलेट" तर मुळीच नको. भाजी पराठ्यात किसून जरूर घाला, पण भाजी म्हणूनही ती ताटात दिसू द्या.

करून काय घालायचं? मुगाची धिरडी, मेथीचं थालीपीठ, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, वरण-भातावर लिंबू (लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं), हळिवाचा लहानसा लाडू, नाचणीची भाकरी किंवा आंबील. दूध कमी केल्यावर कॅल्शियमचं काय, ही धास्ती वाटेल. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. शेंगदाणे अख्खे देऊ नका, ठसका लागून घशात अडकतात, कूटच करा. गूळही शेवटी साखरच, लाडवापुरताच ठेवा.

हे सगळं सुरू करण्याआधी मुलांच्या डॉक्टरांकडून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाते का, तेही त्यांना सांगा. जंतांच्या गोळीचं विचारा. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत ती मोफत मिळते. लोहाचं औषध दिलं तर ते दुधासोबत पाजू नका, ही चूक मी पहिला महिनाभर केली होती. रिपोर्ट आला की आकडा इथे लिहा, आणि सध्या ती दिवसभरात काय काय खाते तेही वेळेसकट लिहा, म्हणजे कुठली वेळ आधी बदलायची ते सांगता येईल.