डबल न्यूमोनिया दुप्पट नसतो

प्रश्न असा आला आहे: पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या सार्वजनिक आरोग्यावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. १९१९ साली तिथे न्यूमोनिया 'नोटिफायेबल' झाला, त्याला 'अधिसूचित रोग' म्हणावं का? आणि त्या काळातल्या मजकुरात 'डबल न्यूमोनिया' भेटतो, तो 'दुप्पट न्यूमोनिया' का?

पहिल्याचं उत्तर झटपट देतो. 'अधिसूचित' नको. अधिसूचना सरकार काढतं आणि लोक वाचतात. इथे माहिती उलट्या दिशेने जाते, डॉक्टरने आरोग्याधिकाऱ्याला कळवायचं असतं. १८८९ च्या ब्रिटिश कायद्याने देवी, पटकी, घटसर्प वगैरे रोगांसाठी हे बंधन आणलं. खासगी रुग्णाच्या प्रत्येक दाखल्यामागे डॉक्टरला अडीच शिलिंग मिळत. त्या यादीत न्यूमोनिया नव्हता. पुढे १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाने ब्रिटनमध्ये सव्वादोन लाखांवर माणसं नेली, त्यातली बहुतेक पाठोपाठ आलेल्या न्यूमोनियाने. तेव्हा कुठे १९१९ च्या नियमांनी इंग्लंड-वेल्समध्ये तीव्र न्यूमोनिया कळवणं सक्तीचं झालं. नुसत्या इन्फ्लुएन्झाला मात्र ही सक्ती लागली नाही, त्यातून उद्भवलेल्या न्यूमोनियाला लागली. या कळवण्याला मराठीत 'वर्दी' हा नेमका शब्द आहे. आगीची वर्दी देतात, पोलिसांत वर्दी जाते. 'वर्दी सक्तीची असलेला रोग' असं सरळ लिहावं.

आता 'दुप्पट'. हे मी इतक्यांदा ऐकलंय की राग येतो. "साधा नव्हता हो, डबल झाला होता," असं सांगताना लोकांच्या मनात आजाराचा जोर दुप्पट असतो. डबल म्हणजे दोन्ही बाजूंचा, उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. जोर हा वेगळा मुद्दा. 'दुहेरी' म्हटलं तर चालेल, 'दुतर्फा' त्याहून बरं.

पण खरी मौज 'न्यूमोनिया' या शब्दाच्याच पोटात आहे. बहुतेक कोश 'न्यूमा म्हणजे ग्रीकमध्ये श्वास' एवढं सांगून हात झटकतात. हे अर्धवट आहे. फुप्फुसाचं जुनं ग्रीक नाव 'प्लेउमोन'. श्वासाच्या 'न्यूमा'शी सांगड घालून लोकांनी त्याचं 'प्न्यूमोन' केलं. मूळ धातू तरंगण्याचा, म्हणजे आपला 'प्लु', प्लवते. समुद्रावर तरंगणाऱ्या जेलीफिशलाही ग्रीक लोक 'प्लेउमोन'च म्हणत, ते काही श्वास घेते म्हणून नव्हे. लॅटिन 'पुल्मो' त्याचाच भाऊ. इंग्रजीचा 'लंग' निराळ्या घरचा, पण अर्थ तोच: तो आपल्या 'लघु'चा सगा. इंग्लंडमधले खाटीक जनावराच्या फुप्फुसाला 'लाइट्स' म्हणत आले, म्हणजे हलकी. कापलेल्या जनावराच्या आतड्या-काळजातून पाण्यावर राहणारा अवयव हाच, हे त्यांना रोज दिसत होतं.

आणि न्यूमोनिया नेमकं हेच हिरावून घेतो. खंडीय न्यूमोनियात, म्हणजे फुप्फुसाचा अख्खा खंड धरणाऱ्या प्रकारात, फुप्फुसाच्या पोकळ्या स्रावाने भरून तो भाग यकृतासारखा घट्ट होतो. तेव्हाच्या वैद्यकात या अवस्थेला 'हेपटायझेशन' म्हणजे यकृतीभवन असंच नाव होतं. शवविच्छेदनात त्याचा तुकडा पाण्याच्या भांड्यात टाकला की तळाला जातो. निरोगी तुकडा वर राहतो. ज्या अवयवाचं नाव 'तरंगणारा', तो बुडाला की न्यूमोनिया! 'फुप्फुसदाह' या आपल्या प्रतिशब्दात यातलं काहीच येत नाही, म्हणून मी न्यूमोनियाच लिहितो.

या 'प्लेउमोन'चा संस्कृत भाऊ 'क्लोमन्', मुळात 'प्लोमन्'. 'प' आणि 'म' दोन्ही ओठांचे, एका शब्दात दोन सारखे उच्चार नकोत म्हणून पहिला बदलून 'क' झाला. इथे आपल्याकडचे पंडित वाद घालतात. कुणी क्लोम म्हणजे स्वादुपिंड म्हणतो, कुणी श्वासनलिका, कुणी पित्ताशय. स्वादुपिंडवाद्यांनी सुश्रुत नीट वाचलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तो सांगतो, हृदयाच्या खाली डावीकडे प्लीहा (पाणथरी) आणि फुप्फुस, उजवीकडे यकृत आणि क्लोम. प्लीहेच्या समोर यकृत येतं, मग फुप्फुसाच्या समोर काय यावं? उजवं फुप्फुस! डावं ते फुप्फुस, उजवं ते क्लोम, दोन बाजूंना दोन स्वतंत्र नावं. म्हणजे डबल न्यूमोनिया हा सुश्रुताच्या भाषेत फुप्फुस आणि क्लोम या दोन अवयवांचा आजार ठरतो.

अथर्ववेदातही यक्ष्म म्हणजे रोग घालवण्याच्या सूक्तात (२.३३) 'हृदयात् ते परि क्लोम्नः' असं येतं. हृदयानंतर लगेच क्लोम, मग पुढे बरगड्यांची बाजू, आणि प्लीहा-यकृत त्यानंतर. छातीतून पोटाकडे उतरत जाणाऱ्या या यादीत हृदयाला खेटून स्वादुपिंड बसवायचं, तर ते तिथे कसं पोचलं हे त्या पंडितांनी आधी दाखवावं.