घोरणं थांबतं तेव्हा

"ह्यांच्या घोरण्यामुळे मी सात महिने वेगळ्या खोलीत झोपते आहे. आमचं नातं संपत चाललंय का?"

पहिल्याच भेटीत, खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या बाईंनी मला हे विचारलं. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की त्या दोघांच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं वगळून, ही हकीकत लिहिते आहे.

लग्नाला 22 वर्षं झालेली. भांडण रोजचं आणि ठरलेलं. सकाळी त्या तारवटलेल्या डोळ्यांनी उठायच्या आणि म्हणायच्या, "रात्रभर घोरत होतात." ते म्हणायचे, "मी काय मुद्दाम घोरतो?" त्यापुढे दोघांचाही दिवस नासायचा. मला यात दोघांचंही खरं वाटतं. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, त्यामुळे न केलेल्या गोष्टीचा आळ रोज सकाळी आपल्यावर येतोय असं त्याला वाटतं. आणि जिची झोप मोडली आहे, तिच्या अंगात गोड शब्दांत सांगायचं त्राण उरलेलं नसतं.

कानात बोळे, नाकावर चिकटवायच्या पट्ट्या, उशी बदलून बघणं, मध्यरात्री कोपराने ढोसणं, सगळं करून झालं होतं. शेवटी एका रात्री त्या अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेल्या. नवऱ्याने अडवलं नाही, काही विचारलंही नाही. ते त्यांना फार लागलं होतं.

अशा वेळी मी नेहमी एक प्रश्न विचारते: घोरणं नेमकं कसं असतं, सांगाल? बहुतेक जण आवाजाचं वर्णन करतात. या बाई म्हणाल्या, "आवाजाची सवय झाली होती हो मला. मला जाग यायची ती आवाज बंद पडल्यावर."

मग त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली. त्यात फक्त आकडे होते. 2.10 – 22. 2.14 – 18. 2.19 – 31. आवाज बंद पडला की त्या अंधारात मनातल्या मनात सेकंद मोजायच्या. मग ते गुदमरल्यासारखा मोठा श्वास घ्यायचे, कूस बदलायचे आणि पुन्हा घोरायला लागायचे. कधी मोजणं लांबलं तर त्या छातीवर हात ठेवून हलवायच्या. वेगळ्या खोलीत जाण्याआधीच्या आठवड्यातली ती वही होती.

"ह्यांना दाखवलीत?"

"नाही. भांडणात पुरावा आणल्यासारखं झालं असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता मोजायला कोणीच नाही तिथे."

त्या आल्या होत्या नात्याची काळजी घेऊन. पण ती वही पाहिल्यावर मला आधी त्यांच्या यजमानांच्या श्वासाची काळजी वाटली. मी डॉक्टर नाही आणि निदान करणं माझं काम नाही. मात्र श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त बंद पडणं आणि हे रात्रीत पुन्हा पुन्हा होणं, याला वैद्यकात स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि असं कोणी सांगितलं तर त्याला डॉक्टरांकडे पाठवणं हे माझं कामच आहे.

घोरणं म्हणजे काय, हे मी त्यांना सोप्या भाषेत सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ आणि जिभेचं मूळ मागे झुकतं, हवेची वाट अरुंद होते. त्या चिंचोळ्या वाटेने हवा जाताना हे मऊ भाग थरथरतात, तोच आवाज. वाट पूर्णच मिटली तर आवाजही बंद आणि श्वासही बंद. मग रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ होतात, वाट उघडते. झोपणाऱ्याला सकाळी यातलं काही आठवत नाही. आठवतं ते शेजारी जागं असलेल्या माणसाला.

पुढच्या भेटीला ते आले, पण मनाविरुद्ध. वय 52, अंगाने भरलेले, 17 इंची कॉलरही आवळते म्हणून वरचं बटण उघडं. "घोरत कोण नाही? माझे वडीलही घोरायचे," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी घोरण्याबद्दल काही बोललेच नाही. सकाळी उठल्यावर कसं वाटतं, एवढंच विचारलं. तोंड कोरडं पडतं, डोकं जड असतं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन झाल्या आहेत. हे सगळं ते वयावर घालत होते.

दिवसा किती पेंग येते, हे बघायला एपवर्थ नावाची एक प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती 1991 साली मांडली. वाचत बसलेलं असताना, टीव्ही बघताना, गाडी रहदारीत थांबली असताना, अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला 0 ते 3 गुण द्यायचे. एकूण 24 पैकी 10 च्या वर गेलं तर डॉक्टरांशी बोलावं. त्यांनी स्वतःला 9 गुण दिले. त्यांच्या पत्नीला मी तोच कागद वेगळा भरायला दिला होता. तिच्या हिशेबाने 16 होत होते.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले. तिने गाडीच्या ओळीसमोर 2 लिहिलं होतं. "सिग्नलला दोनदा मी हाक मारून जागं केलंय तुम्हाला," ती म्हणाली. आवाजात आरोप नव्हता. नंतर तिने वही पुढे सरकवली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, 31 वर थांबले. "हे काय आहे?"

"तुमचा श्वास बंद होता तेवढे सेकंद."

"मग उठवलं का नाहीस?"

"रोज उठवायचे. तुम्हाला आठवत नाही."

22 वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. 'तुम्ही घोरता' हे त्यांनी शेकडो वेळा ऐकलं होतं, पण आपल्यासाठी कोणी अंधारात सेकंद मोजत जागं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जोडीदारांना मी हेच सांगते: सकाळी चिडलेलं असताना बोलू नका. दुपारी किंवा सुटीच्या दिवशी बोला, आणि पाहिलंत तेवढंच सांगा. फोनवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करायला हरकत नाही, पण ते चारचौघांत ऐकवायचं नाही. ते डॉक्टरांसाठी आहे.

त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि तिथून झोपेच्या तपासणीला पाठवलं गेलं. रात्रभर श्वास, प्राणवायू, नाडी मोजली जाते. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडला तर ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. त्यांचा आकडा 34 आला. डॉक्टरांनी सीपॅप सुचवलं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन वाट उघडी ठेवणारं हे यंत्र. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली या उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि तीव्र त्रासासाठी आजही पहिला उपाय तोच आहे.

इथे पुन्हा माझं काम सुरू झालं, कारण यंत्र घरी आलं आणि तीन आठवडे टेबलावर पडून राहिलं. रात्री दोनला मास्क काढून टाकलेला असायचा. मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, अशी कारणं होती आणि ती खरीही होती. हवेला ओलावा देणारं भांडं जोडून आणि मास्कचा आकार बदलून ती बरीचशी सुटली. खरी अडचण त्यांनी एकट्याने भेटल्यावर सांगितली: "असं तोंडाला नळी लावून हिच्या शेजारी झोपायचं?" लाज वाटत होती त्यांना. आजारी, म्हातारं दिसण्याची लाज. ही लाज मी अनेक पुरुषांमध्ये पाहिली आहे आणि ती हसण्यावारी नेली की यंत्र कायमचं कपाटात जातं. आम्ही ठरवलं की आधी झोपायचंच नाही. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचं, दोघांनी एकाच सोफ्यावर. दहा-बारा दिवसांत चेहऱ्याला सवय झाली, तिच्या नजरेचीही झाली. मग दुपारची झोप, मग रात्र. तिसऱ्या महिन्यात त्या आपलं अंथरूण घेऊन आत परतल्या. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात असं दिसलं होतं की घोरणाऱ्याला सीपॅप लावल्यावर जोडीदाराची झोप रात्रीला सुमारे तासाभराने वाढली. मला तो आकडा पटतो. त्या बाईंचा चेहराच बदलला होता.

प्रत्येक घोरणाऱ्याला यंत्र लागतं असं मात्र नाही. श्वास अडत नसेल, दिवसा पेंग नसेल, तर पुष्कळदा साध्या गोष्टींनी फरक पडतो. उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते, म्हणून कुशीवर झोपावं. ते जमत नसेल तर पाठीमागे चेंडू शिवलेला शर्ट घालण्याची जुनी युक्ती काहींना उपयोगी पडते. झोपण्याआधी तीन-चार तास दारू नको. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर घोरण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण दारू आणि या गोळ्या, दोन्हींनी स्नायू आणखी सैल पडतात. धूम्रपानाने घशाला सूज राहते. नाक चोंदत असेल तर आधी नाकाचा इलाज करावा, त्याशिवाय बाकीचं फारसं टिकत नाही. वजनाचा वाटा मोठा असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या आणि 2000 साली छापून आलेल्या अभ्यासात वजन 10 टक्के घटलं तर श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी घटेल, असा हिशेब निघाला होता. जीभ आणि घशाचे व्यायाम अनेकांना खोटे वाटतात, पण ब्राझीलमधल्या 2009 च्या अभ्यासात रोज अर्धा तास, तीन महिने ते केलेल्या मध्यम त्रासाच्या रुग्णांना चांगला फायदा झाला होता. सौम्य त्रासात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं, दंतवैद्याने मापाने बनवलेलं साधनही चालतं. तोंडाला पट्टी चिकटवून झोपण्याची सध्याची टूम मात्र मला धोक्याची वाटते. नाक बंद असेल किंवा श्वास अडत असेल तर ती अजिबात नको. आणि लहान मूल रोज घोरत असेल तर टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) वाढलेले असू शकतात, डॉक्टरांना दाखवाच.

वेगळ्या खोल्यांबद्दल विचाराल, तर मला त्यात नात्याचा शेवट दिसत नाही. झोप झालेली दोन माणसं एकमेकांशी बरी वागतात. फक्त रात्री श्वास अडताना पाहिला असेल, तर ते सांगितल्याशिवाय, तपासल्याशिवाय खोली बदलू नका.

नवव्या महिन्यात ती दोघं शेवटची भेटायला आली तेव्हा वही यजमानांच्या खिशात होती. मागच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 12.40 – घोरते, बंद पडत नाही. 3.05 – कुशीवर वळल्यावर थांबलं. बाईंचं वय 51, पाळी जाऊन वर्ष झालेलं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये घोरण्याचं आणि श्वास अडण्याचं प्रमाण वाढतं. त्यांचा थकवा मात्र पुष्कळदा भलत्याच कारणावर घातला जातो.

"मला खरंच वाटेना," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरांना दाखवायला हवं का?"

मी उत्तर द्यायच्या आत ते म्हणाले, "मंगळवारची वेळ घेतली आहे मी. वही नेऊ आपण."