बाबांच्या नावाची पाकिटं रद्दीत टाकू नका

ताई, नागपुरात मनीषनगरला तळमजल्यावर फ्लॅट, पेटीत प्लॉटची पत्रकं, आधीच्या भाडेकरूची बँकेची पाकिटं आणि वारलेल्या बाबांच्या नावानं कंपन्यांची पत्रं. सगळंच रद्दीत देऊ का, असं विचारलंत. बाबांची पत्रं तरी देऊ नका.

कंपनी अजून पत्र पाठवते म्हणजे तिच्या दप्तरी शेअर बाबांच्याच नावावर आहेत. सलग ७ वर्षं लाभांश कोणी घेतला नाही, तर तो आणि त्यामागोमाग शेअरही सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. परत मिळतात, पण हेलपाटे फार. माझ्या सासऱ्यांची असली पाकिटं आम्ही तीन दिवाळ्या रद्दीवाल्याला दिली. चौथ्या वर्षी सहज एक फोडलं, तेव्हा डोळे उघडले. पत्रावर रजिस्ट्रारचं नाव असतं, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था. कागदी सर्टिफिकेट असेल तर तिच्याकडे ट्रान्समिशनचा, म्हणजे शेअर वारसाच्या नावावर करण्याचा, आयएसआर-५ अर्ज द्यायचा. शेअर डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक असतील तर खातं ज्या बँकेत किंवा ब्रोकरकडे आहे तिथे जायचं. शेअर वारसाच्या नावावर झाले आणि ईमेल नोंदवला, की कागद जवळपास थांबतो.

भाडेकरूची पाकिटं फोडूही नका, फाडूही नका. ‘येथे राहत नाही’ लिहून पोस्टमनच्या हातात द्या. त्याची बदली झाली, की नव्याला पुन्हा सांगावं लागतं.

प्लॉटवाल्यांचं अवघड आहे. ‘एनआयटी आरएल (म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर), बेसा-पिपळा, रजिस्ट्री फ्री’ ही पत्रकं पोट्टे गठ्ठ्यानं वाटतात, नाहीतर पहाटे पेपरात घातली जातात. पेपरवाल्याशी भांडू नका. तुमचा पेपर कोणता हे ठरण्याआधीच पत्रक आत गेलेलं असतं, आणि त्याला त्याचे चार पैसे सुटतात. गेटजवळ एक खोका ठेवा, वाटणाऱ्यानं तिथेच टाकावं. आमच्या प्रतापनगरच्या बिल्डिंगमध्ये त्यानं पेट्या बऱ्याच रिकाम्या झाल्या; एप्रिल-मे सोडून, तेव्हा क्लासवाले कोणाचं ऐकत नाहीत. १९०९ वर डीएनडी, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’ची नोंद केल्यानं कॉल आणि मेसेज कमी होतील, कागद नाही.

नाव घालून येणाऱ्या जाहिरातींचा पत्ता मात्र बहुतेकदा आपणच दिलेला असतो. प्रदर्शनात, दुकानात, लकी ड्रॉच्या कुपनवर. मी दर ठिकाणी नावाचं आद्याक्षर बदलून लिहितो. एका फर्निचरच्या दुकानात ‘व्ही.’ लिहिलं होतं. दोन महिन्यांत त्याच ‘व्ही.’ला वर्धा रोडच्या लेआउटचं निमंत्रण! पाकीट घेऊन दुकानात गेलो. मालक म्हणे, “काका, आपल्याकडून नाही गेलं बाप्पा.” मी म्हटलं, मग यादीतून नाव काढा, माझ्यासमोर. काढलं.

आता कुपनवर पत्त्याच्या जागी नुसतं ‘नागपूर’ लिहितो. बक्षीस लागलं नाही, पण ते आधीही कधी लागलं नव्हतं.