चहातून गोळी देऊ का?

"मॅडम, त्यांना कळणार नाही अशी चहातून द्यायची गोळी असते ना?" असं म्हणत ताईंनी पर्समधून एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. कागदाची घडी, वर एक अक्षर नाही. कुणीतरी ओळखीतून आणून दिलेलं 'दारू सोडवायचं औषध'. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि माझं उत्तर ठाम 'नाही' असतं. डायसल्फिराम नावाचं औषध खरोखर आहे. ते पोटात असताना माणूस प्यायला, तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. ते डॉक्टर तपासून, त्या माणसाला सगळं सांगून आणि त्याच्या संमतीनेच देतात. चोरून दिलं तर जिवावर बेतू शकतं. त्या पुडीत तर काय होतं, देव जाणे.

ताईंचे यजमान कारखान्यात मशीनवर. वय ४६. गेली तीन वर्षं सकाळीही लागायची, कारण घोट घेतल्याशिवाय हातात कप ठरायचा नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊन झाली होती, माळही घातली होती. माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, यांची मात्र आठ महिन्यांत उतरली.

"सगळ्यांनी मिळून बोललात का?" मी विचारलं. "बोललो की! रात्री बारापर्यंत. दीर मारायला धावले. आता पुन्हा बोललो तर घर सोडून जातील हो."

प्यायलेल्या माणसासमोर रात्री भरवलेली ती पंचायत होती. आम्ही वेगळ्या पद्धतीने जायचं ठरवलं: जवळच्या मोजक्या माणसांनी आधी तयारी करून, सकाळी, उपचारांना चला असं सांगण्यासाठी घ्यायची बैठक. आधी मी विचारून घेतलं: कधी हात उचललाय का? जीव द्यायची भाषा करतात का? यातलं काही असतं, तर मी ही बैठक होऊच दिली नसती, आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

तीन आठवडे तयारी चालली. ताई, थोरले दीर आणि कारखान्यातले एक मित्र, जे स्वतः सहा वर्षं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या) सभांना जाऊन कोरडे राहिले आहेत. प्रत्येकाने कागदावर लिहायचं: फक्त डोळ्यांनी पाहिलेलं. दिरांचा पहिला कागद 'आईबापाचं नाव घालवलंस' असा सुरू झाला, तो मी बाजूला ठेवायला लावला. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं, "भाऊबीजेच्या रात्री तुला रिक्षातून उचललं. तू लहानपणी होतास तेवढा हलका लागलास." वाचताना त्यांचा आवाज बसला. दहावीतली मुलगी बैठकीत नको, असं मीच सांगितलं. तो भार तिच्या वयाचा नाही. तिने चौकटीच्या वहीच्या पानावर दोन ओळी लिहून दिल्या.

व्यसनमुक्ती केंद्रात खाट आधीच ठरवली होती. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने घरीच अचानक बंद केली, तर फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भास होऊ लागतात, कधी जीवही जातो. म्हणून डॉक्टर हवेतच. पण चार माणसं पाठवून उचलून नेणाऱ्या ठिकाणी मी कुणालाच पाठवत नाही. (चांगलं केंद्र माहीत नसेल तर १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर विचारता येतं.)

आणि सगळ्यात अवघड गोष्ट: 'ताप आलाय' असा सुपरवायझरला फोन ताईंनी आता करायचा नाही, उधारी दिरांनी फेडायची नाही. माझा खरा भर इथेच असतो. अशी बैठक घेण्याची पद्धत अमेरिकेतल्या व्हर्नन जॉन्सन या धर्मगुरूंनी रूढ केली. पण १९९९ साली तिकडेच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीने ३० टक्के व्यसनी उपचारांपर्यंत पोचले, तर घरच्यांनी रोजचं वागणं कसं बदलायचं हे शिकवणाऱ्या पद्धतीने ६४ टक्के. जॉन्सन पद्धतीतली बरीच कुटुंबं तर प्रत्यक्ष बैठकीपर्यंत गेलीच नव्हती.

रविवारी सकाळी सातला बसले. मित्राने त्यांचा कप धरला. कागद वाचून झाले, मुलीच्या ओळी ताईंनी वाचल्या: "बाबा, तुमच्या चपलांचा आवाज आला की मी पुस्तक मिटते. मला ते उघडं ठेवायचंय." यजमान उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. दीर मागे धावणार होते, मित्राने हात धरून बसवलं. चाळीस मिनिटांनी पिऊन परतले. "बघू पुढच्या महिन्यात," एवढंच बोलले.

ताईंनी मला रडत फोन केला, "फुकट गेलं सगळं." मी म्हटलं, "उद्या सकाळचा फोन तेवढा करू नका."

सोमवारी त्यांनी तो केला नाही. दहा वाजता सुपरवायझरचा फोन यजमानांच्या मोबाइलवर आला, आणि खोटं त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलावं लागलं. मंगळवारीही तेच. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, "ती बॅग भरली होतीस, कुठे ठेवलीयस?"